बुधवारची हजेरी

बुधवारी दुपारी आम्ही चौघे
सड्यावरच्या इस्पितळात जातो, बस मिळाली तर बसने.
गुणो म्हाले : वस्तरा, तुरटी, पितळेची वाटी.
एपिफानी : थर्मासात पेज, पदराआड किसमुराची पुडी,
जी नर्सला दाखवायची नसते.
रुझार पोदेर सायकलवरून,
सकाळचे उरलेले नव्हेत, मुद्दाम भाजलेले उंडे घेऊन.
आणि मी, पोस्टातली निवृत्त कारकून.
मला नुसतं वाचून दाखवता येतं.

वॉर्डात सात खाटा. खिडकीतून बंदर,
क्रेनची मान, कोळशाची रास,
आणि त्याच कोळशाची भुकटी चौकटीवर,
रोज पुसली तरी रोज असणारी.

पहिल्या वर्षी आम्ही शाली नेल्या होत्या.
शाल, श्रीफळ, फोटोवाला, एक भाषण.
सुभेदार बाबल गावसांनी शाल बाजूला सारली.
"उकडतंय, बाय.
नारळ नर्सला दे, मला खोबरं चावत नाही.
आणि तुमच्यात कुणाला नखं कापता येतात काय, पायाची?
तीन महिने वाकलो नाही."

भाषण करणारे पुन्हा आले नाहीत.
गुणो खाली फरशीवर बसला,
पावलं कोमट पाण्यातून काढून मांडीवर घेतली.
डाव्या पायाला दोनच बोटं.
बाकीची बर्फानं नेली, सुभेदार म्हणाले,
छत्री बसमध्ये राहिली म्हणावं तसं.

सहाला दिवे लागले की ते हजेरी घेत.
"शिपाई शाणू परब."
थांबत. घशात खोकला दाबत.
"लान्सनाईक दुलाजी राणे."
थांबत.
अकरा नावं, अकरा थांबणी.
तीन नंबरवरचा आगबोटीतला लाडू तांडेल
उशी कानावर दाबून कूस बदलायचा.

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.
एपिफानीला राहवेना.
पुढल्या बुधवारी, "शिपाई शाणू परब" म्हणताच
ती दारातून ओरडली, "हाजिर!"

ते हसले, दात नसलेलं अख्खं हसू.
"अगो, शाणूचा आवाज फाटका होता.
आणि तो मेला, मला ठाऊक आहे.
अकराही मेले. मी काय वेडा?
नावं म्हणून ठेवतो फक्त.
या खाऱ्या वाऱ्यात खिळा गंजतो महिन्यात,
नावाचं काय घेऊन बसलीस."

मग त्यांनी शिकवलं.
दुलाजी : उचकी लागली की तासभर थांबत नसे.
आंतोन बार्रेटो : माउथ ऑर्गन होता, सूर एकच यायचा.
भिकू आचारी : डाळीत खडे.
त्याच्या नावाआधी शिवी घालायची,
शिवीशिवाय तो ओ देणार नाही.
रुझारनं मैद्याच्या पावतीमागे सगळं लिहून घेतलं.
मी तीस वर्षं पत्त्यांवर शिक्के मारले.
पिनकोड नसलेली ही पहिलीच यादी.

चवथीच्या आधीच्या बुधवारी
सहा नंबरवर चादर नवी होती,
कोपरे पाकिटासारखे दुमडलेले.
गुणोनं पाणी आधीच गरम करून आणलं होतं.
तो वाटी धरून उभा राहिला.
मग तीन नंबरपाशी जाऊन बसला,
कारण पाणी निवत होतं.

सहाला दिवे लागले.
लाडू तांडेल छताकडे बघत म्हणाला,
"आंतोन बार्रेटो."
"चुकलं," गुणो खालून, नखावरून नजर न काढता.
"आधी शाणू."
तांडेल पुन्हा पहिल्यापासून.
भिकूपाशी अडला. एपिफानीनं खुरीस काढला
आणि खणखणीत शिवी हासडली.
नर्स दारात येऊन तशीच परतली.

अकरा झाली.
बाराव्याचं काय लक्षात ठेवायचं,
ते कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं.
रुझारनं पावती उलटीसुलटी केली.
बंदरात भोंगा वाजला, तो संपेपर्यंत सगळे गप्प.

मग गुणोनं पंचावरची नखं वाटीत झटकली
आणि म्हणाला,
"लिही. बाबल गावस.
डावा पाय, बोटं दोन."